एकदा घेतलेली उडी

करमणुकीने मन हलके होते, असा सर्वसाधारण समज आहे. दिवसभराच्या कामाने शिणलेला मनुष्य गाणे ऐकतो, पत्ते पिसतो, शेजाऱ्याच्या ओट्यावर गप्पांना बसतो. पत्त्यांत हरला तरी त्या हरण्याचे ओझे घेऊन तो अंथरुणावर पडत नाही. मग यंत्रात नाणे टाकायचे, दोन मिनिटांत मरायचे, तळहातांना घाम आणि कानशिलांना चटका घेऊन पडद्यासमोर उभे राहायचे, आणि तरीही खिशात दुसरे नाणे चाचपायचे, या प्रकाराला करमणूक कसे म्हणावे? व्हिडिओ गेमच्या जुन्या जमान्यात उड्या मारण्याचे जे खेळ निघाले, त्यांनी हे कोडे असंख्य माणसांपुढे टाकले. विशेष असे, की ज्यांना त्या खेळांनी अधिकात अधिक छळले, तीच माणसे आज इतक्या वर्षांनी त्यांची आठवण अधिकात अधिक प्रेमाने काढताना दिसतात.

या जातीच्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. पडद्यावर ओटे, फळ्या, शिड्या, खड्डे, पाण्यावर तरंगणारे तराफे अशी एक उंचसखल वाट दिसते, आणि एक चिमुकला वीर धावत, उड्या मारत ती वाट पार करतो. खेळणाऱ्याच्या हाती एक दांडा आणि एक-दोन बटणे; त्यांतले एक उडीचे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८१ साली काढलेल्या ‘डाँकी काँग’ने ही जात खऱ्या अर्थाने लोकप्रिय केली. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या त्या खेळात एका अवाढव्य वानराने पळवून नेलेल्या स्त्रीला सोडवण्यासाठी एक सुतार लोखंडी तुळयांवर चढत जातो आणि वरून गडगडत येणारी पिंपे उडी मारून चुकवतो. हा सुतारच पुढे मारिओ या नावाने जगभर ओळखला गेला.

त्याच कुळातला, पण स्वभावाने फार कठोर असा एक खेळ कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८५ साली आणला. जपानीत त्याचे नाव ‘माकाइमुरा’, म्हणजे राक्षसलोकातले गाव. जपानबाहेर तो ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ या नावाने गेला. त्याचे रचनाकार तोकुरो फुजिवारा. अवघड खेळांची गोष्ट निघाली की आजही जाणकारांच्या तोंडी जी पहिली दोन-चार नावे येतात, त्यांत हे नाव असतेच.

खेळाचे आरंभीचे दृश्य मोठे गमतीचे आहे. आर्थर नावाचा सरदार आणि राजकन्या एका कबरस्तानात बसलेली आहेत. गुजगोष्टींसाठी ही जागा का निवडावी, याचा खुलासा खेळ करीत नाही. आर्थरच्या अंगावर आखूड चड्डीखेरीज काही नाही. इतक्यात आकाशातून एक राक्षस येतो आणि राजकन्येला घेऊन जातो. आर्थर चिलखत चढवतो आणि धावत सुटतो. चार पावले टाकतो न टाकतो तोच जमिनीतून प्रेते उठू लागतात. पहिला धक्का लागला की चिलखताच्या ठिकऱ्या होतात आणि वीर पुन्हा त्या चड्डीवर येतो. दुसरा धक्का लागला की हाडांचा ढीग. दोन धक्क्यांचे काय ते आयुष्य! शिवाय डोक्यावर घड्याळाचा काटा आहेच. ठरलेल्या वेळात टप्पा पार झाला नाही, तरी मरण.

मराठी वाचकाला येथे वेताळपंचविशीतल्या विक्रम राजाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. राजाचे मौन सुटले की खांद्यावरचे प्रेत परत झाडावर, आणि राजा परत त्याच वाटेने स्मशानाकडे. आर्थरही मेला की टप्प्याच्या आरंभी, फार तर त्याच्या मध्यावर, आणून सोडला जातो. विक्रमाला निदान दर खेपेस नवी कथा ऐकायला मिळे. येथे वाट तीच, थडगी तीच. नवे काही असेल तर ते चालणाऱ्याच्या डोक्यात. मागच्या खेपेला कोठे पाय चुकला, एवढीच त्याची शिदोरी.

या खेळाचे मर्म मात्र प्रेतांत नाही, राक्षसांत नाही. ते त्याच्या उडीत आहे. आर्थरने पुढे झेप घेतली की जमिनीला पाय टेकेपर्यंत त्याचा मार्ग ठरून जातो. उंची ठरलेली, लांबी ठरलेली. हवेत असताना दांडा मागे ओढा किंवा पुढे रेटा, काही उपयोग होत नाही. धनुष्यातून सुटलेल्या बाणाला जसे परत बोलावता येत नाही, तसेच येथे बटणावरून उठलेल्या बोटाला आपला निर्णय मागे घेता येत नाही. त्याच वर्षी, १९८५ च्या सप्टेंबरात, निन्टेंडोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बाहेर पडला. त्यातली उडी अगदी निराळी आहे. बटण किती वेळ दाबून ठेवले यावर तिची उंची अवलंबून असते आणि हवेतल्या हवेत मारिओला थोडे मागे, थोडे पुढे सरकता येते. उडी घेतल्यावर चूक ध्यानात आली, तर ती अर्धीमुर्धी सावरता येते. ‘डाँकी काँग’मधल्या सुताराला ही सवलत नव्हती. म्हणजे एकाच वर्षी मियामोतोंनी आपल्या जुन्या उडीला लवचिकपणा दिला, आणि फुजिवारांनी तिचे ताठर रूपच कायम ठेवले. पुढच्या वर्षी कोनामी कंपनीच्या ‘कॅसलव्हेनिया’नेही हीच ताठर उडी पत्करली.

वरवर पाहता ही केवळ अडवणूक वाटते. पण तिच्यामुळे खेळणाऱ्याच्या मनात काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. मारिओ खेळणारा मनुष्य आधी उडतो आणि मग विचार करतो. आर्थरच्या बाबतीत विचार आधी करावा लागतो. समजा, मागून एक प्रेत सरपटत येत आहे, समोर एक हिरवी वनस्पती गोळे थुंकत आहे आणि वर कावळा पंख फडफडवीत आहे. उभ्या जागी उडी मारली तर गोळा पायाखालून जाईल, पण खाली येईपर्यंत प्रेत तेथे पोचलेले असेल. पुढे झेप घेतली तर प्रेत सुटेल, पण कावळा नेमका त्याच उंचीवर येईल. एखादा क्षण थांबले तर? थांबण्याचीही किंमत आहे, कारण प्रेते उठतच राहतात. हा सगळा हिशेब डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करायचा आणि मग झेप घ्यायची. झेप चुकली आहे, हे पुष्कळदा हवेत असतानाच कळते. पाय जमिनीला लागेपर्यंत मग पाहत राहण्याखेरीज हाती काही उरत नाही. हा खेळ खेळलेल्या माणसाला त्या अधांतरी क्षणाबद्दल विचारावे. तो हसतो, पण जरा कसनुसे.

उडीचाच हा नियम फेकण्यालाही लागू आहे. आर्थरजवळ भाला असतो आणि भाले कधी संपत नाहीत. पण पडद्यावर एका वेळी मोजकेच भाले असू शकतात. शत्रू जवळ असेल आणि नेम बरोबर लागला, तर भाला लगेच नाहीसा होतो व दुसरा फेकता येतो. नेम चुकला तर तो वाया गेलेला भाला पडद्याच्या कडेबाहेर जाईपर्यंत हात बांधलेले. घाबरून बटण बडवणाऱ्याला अशा रीतीने शिक्षा होते आणि शांतपणे एकेक भाला टाकणाऱ्याचा हात मोकळा राहतो. नियम छापील स्वरूपात कोठे सांगितलेला नाही. यंत्र तो हाताला शिकवते.

हे सारे पाठांतराने साध्य झाले असते, तर खेळ अवघड असूनही कंटाळवाणा ठरला असता. ‘सुपर मारिओ’मधले शत्रू दर वेळी त्याच जागी भेटतात, त्यामुळे तो खेळ एखाद्या परवच्यासारखा पाठ करता येतो, आणि तरबेज माणसे तो पाच मिनिटांच्या आत संपवून दाखवतात. माकाइमुरातली प्रेते दर वेळी नेमकी त्याच ठिकाणी उठत नाहीत. वाट पाठ असली तरी वाटसरू बदलत राहतात. त्यातच पहिल्या टप्प्यात तो तांबडा राक्षस बसलेला असतो. लांबून तो अगदी निवांत दिसतो. आर्थर जवळ गेला की तो पंख पसरून उठतो, फेकलेला भाला शिताफीने चुकवतो, वर घिरट्या घालतो आणि अचानक तिरपी झडप घालतो. एका भाल्याने तो मरतही नाही. इतर शत्रू आंधळेपणाने चालतात. हा मात्र खेळणाऱ्याच्या हाताकडे पाहत असावा, असा भास होतो. कित्येकांचा खेळ याच्यापलीकडे कधी गेलाच नाही. लोकांच्या मनात हा राक्षस असा ठसला, की १९९० साली कंपनीने हातात धरून खेळण्याच्या गेम बॉय यंत्रासाठी त्यालाच नायक करून एक स्वतंत्र खेळ काढला.

आता या कठोरपणामागचे व्यावहारिक कारणही सांगितले पाहिजे. हा खेळ प्रथम नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांसाठी बनवला गेला. जपानमध्ये १०० येनचे नाणे, अमेरिकेत २५ सेंटचे. एका नाण्यावर एखादा मुलगा तासभर खेळत बसला, तर यंत्र घेऊन बसलेल्या दुकानदाराचे दिवाळेच निघायचे. म्हणून मरण लवकर आले पाहिजे. यंत्राच्या पोटात छोटे खटके असत. एका नाण्याला किती जीव द्यायचे, खेळ किती अवघड ठेवायचा, हे दुकानदार त्यांवर ठरवी. पण मरण फार लवकर येऊनही चालत नसे. आपली लूट होत आहे असे गिऱ्हाइकाला वाटले, तर ते शेजारच्या यंत्राकडे वळे. तेव्हा प्रत्येक मरणाबरोबर ‘चूक माझी होती, पुढच्या खेपेला जमेल’ ही भावना खेळणाऱ्याच्या मनात उरली पाहिजे, अशी काळजी रचनाकाराला घ्यावी लागे. न्याय हा येथे धंद्याचाच एक भाग होता. ज्या मुलाच्या खिशात तीनच नाणी आहेत, त्याच्या दृष्टीने मात्र हा हिशेब काही फार काव्यमय नव्हता.

हे खेळ पुढे घरात आले. निन्टेंडोचे ‘फॅमिकॉम’ हे दूरचित्रवाणी संचाला जोडायचे यंत्र जपानमध्ये १९८३ च्या जुलैत निघाले होते. १९८६ साली माकाइमुरा त्यावर आला. नाणे गेले, दुकानदार गेला. कठोरपणा मात्र राहिला. सवय हे एक कारण. दुसरे कारण जागेचे. सबंध ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावतो. आजच्या दूरध्वनीतले एखादे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा घेते. एवढ्याशा जागेत वाट फार लांब करता येत नाही. मग ती चालायला कठीण करायची. तरबेज माणसाला आर्थरचे गाव एकदा ओलांडायला अर्धा तास पुरतो. नवख्याला तेच गाव महिनोन्‌महिने पुरे. महागामोलाची कॅसेट विकत घेणाऱ्या आईबापांना आणि ती रात्रंदिवस घासणाऱ्या मुलांना यात एक प्रकारचे मोल वसूल झाल्यासारखे वाटे.

तथापि कठीणपणा आणि कुचेष्टा यांमधली रेघ फार बारीक आहे, हे खुद्द निन्टेंडोलाही उमगले होते. १९८६ साली जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ निघाला. त्यात शक्ती देणाऱ्या अळंब्यांच्या जोडीला विषारी अळंबी होती आणि उडत्या मारिओला ढकलणारा वाराही होता. निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेला हा खेळ तिथल्या गिऱ्हाइकांसाठी फारच अवघड वाटला. तिथे त्याऐवजी त्याच नावाचा एक निराळाच खेळ विकला गेला, आणि मूळचा खेळ १९९३ साली ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने एका संग्रहात तेवढा उजेडात आला.

भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकला घरोघरी पोचल्या. वेष्टनावर लाखो खेळांची जाहिरात असलेली आणि आत तेच पाच-पन्नास खेळ फिरवून फिरवून दाखवणारी कॅसेट ज्यांनी फुंकर मारून यंत्रात खोचली आहे, त्यांना ‘काँट्रा’ हे नाव सांगावे लागणार नाही. त्या धावण्या-उडण्या-गोळ्या झाडण्याच्या खेळात बटणे एका ठरावीक क्रमाने दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळत. या गुरुकिल्लीचा उगम मोठा बोधक आहे. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करीत होते. तो तपासून पाहण्यासाठी शेवटपर्यंत खेळणे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली. १९८६ साली खेळ बाजारात गेला आणि चोरवाट त्याच्याबरोबर गेली. स्वयंपाक्यालाच तिखट सोसेना, असा तो प्रकार!

अपयश टाळावे ही मनुष्याची सहज वृत्ती आहे. मग जेथे अपयश हमखास आहे अशा खेळाकडे तो आपण होऊन का जातो? येस्पर यूल या डॅनिश अभ्यासकाने २०१३ साली या एकाच कोड्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले आहे. शोकांतिका पाहताना प्रेक्षक रडतो आणि तरी नाटकाला जातो, या जुन्या प्रश्नाशी त्याने हे कोडे ताडून पाहिले. परंतु नाटकात दुःख नायकाचे असते. खेळात अपयश खेळणाऱ्याचे स्वतःचे असते. तेथे बोटे त्याची, घाई त्याची आणि चूकही त्याची. म्हणूनच ते झोंबते, आणि म्हणूनच ते दुरुस्त करावेसे वाटते. जगातल्या इतर बहुतेक अपयशांना अशी दुसरी संधी दोन मिनिटांत मिळत नाही. परीक्षेत नापास झालेल्याला वर्ष काढावे लागते, आणि आपण नेमके कोठे चुकलो हे त्याला पुष्कळदा कळतही नाही. आर्थरचे तसे नाही. चूक येथे डोळ्यांसमोर घडते आणि तीच वाट लगेच पुन्हा पायाखाली येते.

संताप येतो, तो हा करार मोडला जातो तेव्हा. बांधीव उडी हा करारभंग म्हणता येत नाही; ती पहिल्या क्षणापासून तशीच वागते. मशालीची गोष्ट निराळी. आर्थरला वाटेत इतर शस्त्रे सापडतात. परंतु हाती एकच राहू शकते, नवे उचलले की जुने गेले. सुरा मिळाला तर भाग्य. मशाल मिळाली तर ती कमानीने खाली पडते, जमिनीवर जळत बसते आणि तांबड्या राक्षसापुढे जवळजवळ निरुपयोगी ठरते. उडी तर हवेत वळवता येत नाही. तेव्हा नको असलेल्या मशालीवर जाऊन पडणे कित्येकदा टाळताही येत नाही. तरी हेही क्षम्य मानावे. खरी कुरापत शेवटी आहे. सारे गाव ओलांडून, सारे राक्षस मारून जो अखेरच्या दारापाशी पोचतो, त्याच्या हाती तेव्हा एक विशिष्ट शस्त्र नसेल, तर त्याला मागच्या टप्प्याकडे परत पाठवले जाते. ते शस्त्र असलेल्याला आत काय मिळते? हे सगळे सैतानाने रचलेले मायाजाल होते, असा निरोप. आणि आर्थर पुन्हा पहिल्या कबरस्तानात, पहिल्याहून अधिक अवघड अशा त्याच वाटेवर. ती दुसऱ्यांदा पार केली म्हणजेच राजकन्या.

फुजिवारांच्या चाहत्यांना यात विनोद दिसतो, आणि विनोद आहेही. चड्डीवर आलेल्या सरदाराला पाहून जो हसू शकत नाही, त्याने हा खेळ खेळूच नये. पण दुसऱ्या फेरीचे समर्थन करणे कठीण आहे. पहिल्या फेरीतले प्रत्येक मरण काहीतरी शिकवीत होते. हा निरोप काही शिकवीत नाही. जो सर्व शिकला, त्यालाच तो फसवतो. येथे रचनाकाराने खेळणाऱ्याच्या चिकाटीला आदर दाखवण्याऐवजी तिची परीक्षा घेण्याचा मोह धरला. चिकाटी संपलेल्यांनी तेथेच यंत्र बंद केले असेल, तर दोष त्यांचा नव्हे.

उडीवर इतका कडक पहारा बसवणाऱ्या या गृहस्थांनी १९८७ च्या ‘बायोनिक कमांडो’ या खेळात तर उडी साफ काढूनच टाकली आणि नायकाच्या हाती तार देऊन त्याला झोके घ्यायला लावले. माकाइमुराचे पुढचे भाग मात्र निघत राहिले. १९८८ च्या दुसऱ्या भागात भाला वर आणि खाली फेकता येऊ लागला. १९९१ च्या तिसऱ्या भागात आर्थरला हवेतल्या हवेत दुसरी उडी मिळाली, आणि तिची दिशा बदलता येई. चूक सावरण्याची ही पहिलीच मुभा. अर्थात फळ्या आणि खड्डे त्या दुसऱ्या उडीच्या हिशेबाने आणखी दूर दूर मांडलेले होते.

२०२१ साली फुजिवारांच्याच दिग्दर्शनाखाली या खेळाचा नवा अवतार आला. चित्रे हाताने रंगवलेल्या गोष्टीच्या पुस्तकासारखी, पण उडी पुन्हा ती जुनी, बांधलेली. बदल इतरत्र झाला. खेळाच्या चार पातळ्या ठेवल्या आहेत आणि वाटेत झेंडे रोवले आहेत. मेलेला आर्थर शेवटच्या झेंड्यापाशी उठतो. सर्वांत सोप्या पातळीत तर तो पडला तेथेच उभा राहतो. ज्याची बोटे वयामुळे मंदावली आहेत, किंवा ज्याच्याजवळ मुलाला झोपवल्यानंतरचा अर्धाच तास शिल्लक आहे, त्यालाही आता सगळे गाव पाहता येते. जुन्या कट्टर मंडळींपैकी काहींना हे रुचणार नाही. त्यांच्यासाठी सर्वांत वरची पातळी तशीच राखलेली आहे.

शिवाय या नव्या खेळात दुसऱ्या माणसाला जागा आहे. शेजारी बसलेला भाऊ किंवा बायको एका भुताचे रूप घेऊन आर्थरबरोबर हिंडू शकते. तीन भुतांपैकी एक ढाल धरते, एक आर्थरला उचलून नेते, आणि एकाला रिकाम्या हवेत पूल बांधता येतो. आर्थरची झेप चुकली आहे आणि आता तो खड्ड्यात जाणार, हे दोघांनाही एकाच क्षणी दिसते. पहिल्याच्या हाती तेव्हाही काही नसते. दुसऱ्याचे बोट वेळेवर चालले, तर पडत्या पायांखाली पूल येतो.